भावोजींच्या पलंगाखालच्या बाटल्या

ज्या दिवशी मी घर सोडलं त्या दिवशी बाबांनी मला एसटी स्टँडवर, सगळ्या गावादेखत, चपलेनं मारलं. बॅग माझ्या खांद्याला, पासपोर्ट बनियनच्या आत पिन मारून लावलेला, आणि समोर बाबा, एका पायात चप्पल, दुसरी हातात. एक गालावर बसली, एक मानेवर. तिसरी मी मनगटावर झेलली. "माडावर चढायची लाज वाटते आणि परक्याची हमाली करायची वाटत नाही," एवढंच ते बोलले. ताई मध्ये पडली तेव्हा चौथी तिला लागली. गाडी सुटली तेव्हा ती एका हाताने गाल चोळत होती आणि दुसरा हात हलवत होती. रडली नाही. आमच्या घरात मार खाऊन रडायची पद्धत नव्हती.

आमच्याकडे हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. आई मी दहावीत असताना गेली, तेव्हापासून ताईनेच घर ओढलं. बाबा माडी काढायचे. गुहागरच्या अलीकडे, खाडीच्या काठाला, बावीस माड त्यांच्याकडे होते. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा कमरेला कोयती लावून वर चढायचे, पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कापायचे, मडकं बदलायचे. मीही दोन वर्षं चढलो. दोन वर्षांत एकदा पडलो, खांदा निखळला, आणि मी ठरवलं की आता जमिनीवरचं काम करायचं. आयटीआयला एसी-रेफ्रिजरेशन केलं आणि दुबईचा व्हिसा मिळवला. बाबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे इथे आले आणि फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतात त्यांच्यासाठीही. आमच्या भावोजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, डावा डोळा दुबईत गेला. गावात सगळ्यांना ठाऊक आहे की साइटवर सळी कापताना तुकडा उडाला आणि डोळ्यात गेला. ते खोटं आहे. ते खोटं मी रचलं आणि नऊ वर्षं सांभाळलं. बाबा गेल्यावर माझं म्हणावं असं त्या गावात एकच माणूस उरलं होतं, ती ताई. खरं कळलं तर तीही जाईल, या एका भीतीने मी गप्प बसलो.

दुबईच्या देरा भागात आमची खोली होती, सात जणांची. दोन मजली लोखंडी पलंग, एक खिडकी, एक विंडो एसी, बाहेर पॅसेजमध्ये दोन शेगड्या. खोलीचे मुकादम म्हणजे दाभोळचे सलीमभाई. वीस वर्षं मसाल्याच्या दुकानात काढलेला माणूस, पाच वेळचा नमाजी, जिभेने तिखट. कोणी ओला टॉवेल त्यांच्या पलंगावर टाकला तर तो थेट खिडकीतून खाली जायचा. मी एका मेंटेनन्स कंपनीत टेक्निशियन होतो. दिवसभर दुबई मरीनाच्या टॉवर्समध्ये, रेस्टॉरंटांच्या सीलिंगवर डोकं घालून लोकांना गार ठेवायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने देऱ्याला परत.

तीन वर्षांनी मी भावोजींना आणलं. दत्ताराम त्यांचं नाव. गावात ते मच्छीमारांच्या बोटीवर जायचे. गरीब माणूस, हसरा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यांना सळ्या बांधायचं काम मिळालं. पहिल्या महिन्यात बोटांची सालं निघाली तरी तक्रार नाही. रात्री ताईला व्हिडिओ कॉल लावून म्हणायचे, "तुझा भाऊ राजा आहे इथे." मी खालचा पलंग त्यांना दिला आणि मी वर गेलो. त्यांना तो मोठा मान वाटला.

दारूची सुरुवात कशी झाली ते सांगतो. दुबईत बारमध्ये मिळते सगळं, पण आमच्या पगारात तिथे एक ग्लास म्हणजे तीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे पाचशे रुपये, आणि वेटर आपल्या बुटांकडे बघणार तो वेगळाच. खोलीत बनवायची तर सरळ जेल आणि डिपोर्ट. हे मला पक्कं माहीत होतं. पण शिमग्याच्या दिवसांत मी आणि भावोजी इतके कावलो होतो की मी म्हटलं, बघूया तरी. किराणा दुकानात खजुराचा पाक मिळतो, आपल्या काकवीसारखा. तो, पाणी, साखर आणि पावाचं यीस्ट, पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये. दहा दिवसांत कॅन गुरगुरायचा थांबला. चव वाईट होती, पण चढली.

मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. मला फेस पाहिजे होता. बाटली उघडली की फस्स झालं पाहिजे, कंपनीच्या मालासारखं. मरीनाच्या एका रेस्टॉरंटचा एसी मी दर महिन्याला बघायचो, तिथल्या बारच्या मागे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट पडलेले असायचे. मी टूल बॅगमधून आठ-आठ, दहा-दहा आणायला लागलो. त्यातही निवडून. ज्यांच्या गळ्याला आटे असतात त्या फिरवून उघडायच्या बाटल्या नकोत, त्यांच्यावर बिल्ला, म्हणजे पत्र्याचं झाकण, बसवायला गेलं की गळ्याची कपची उडते. साध्या गळ्याच्या, जाड बुडाच्या हव्यात. बारवाल्या पोराला मी सांगून ठेवलं होतं की उघडताना बिल्ल्यावर एक नाणं ठेव आणि मग ओपनर लाव, म्हणजे बिल्ला मधोमध वाकत नाही. लहानपणी आम्ही सोड्याचे बिल्ले घेऊन गल्लीत खेळायचो. आता तेच पिशवीत भरून आणायचो, आतलं रबर शाबूत आहे ना ते नखाने बघून. वर्कशॉपमध्ये मी पाइपचा तुकडा कापून एक टोपी बनवली. बाटलीवर बिल्ला, त्यावर ती टोपी, वर रबरी हातोडीचे दोन नेमके ठोके. बिल्ल्याचे दात वळून काचेला असे धरायचे की कोणी म्हणू नये हा जुना आहे.

भावोजी ते बघून म्हणाले होते, "विजू, यात बाबांचं रक्त आहे." मला ते ऐकून फुगायला झालं.

आता चूक. बाबा माडीचं मडकं कधी धुवायचे नाहीत. आमच्याकडे कोणीच धुवायचं नाही. तळाला जो साका राहतो तोच नवीन रसाला धरतो, दुपारपर्यंत माडी चढते. मी त्याच हिशेबाने बाटल्या धुवायच्या नाहीत असं ठरवलं. जुन्या बिअरचा आणि आमच्याच आधीच्या मालाचा साका तळाला ठेवूनच नवीन भरायचो, वर अर्धा चमचा साखर. भावोजी बोटीवरचे, त्यांना प्रत्येक गोष्ट धुवून लखलखीत लागायची. ते एकदा पातेल्यात पाणी उकळून बाटल्या त्यात घालायला लागले. मी पातेलंच लाथेने उडवलं. उकळतं पाणी त्यांच्या पावलांवर गेलं. "बाबा मडकं धुवायचे का?" मी ओरडलो. त्यांनी पावलांवर टूथपेस्ट लावली. दुसऱ्या दिवशी तेच पाय बुटात घालून साइटवर गेले.

पण मडक्याला तोंड उघडं असतं. माडी श्वास घेते आणि संध्याकाळी पिऊन संपते. आम्ही तीच जित्ती गोष्ट काचेत भरून वर लोखंड ठोकत होतो आणि दोन-दोन आठवडे पलंगाखाली ठेवत होतो. हे मला, माडी काढणाऱ्याच्या पोराला, कळू नये? कळत होतं. जुलैमध्ये एक बाटली उघडली तर फेस छतापर्यंत उडाला. आम्ही सातही जण, म्हणजे सलीमभाई सोडून सहा, हसून हसून पडलो. सलीमभाईंनी तेवढं म्हटलं, "यल्ला, चालू द्या, हसा. एक दिवस कोणाचं तरी तोंड फुटेल." मी त्यांना उलट उत्तर दिलं, काय ते लिहिण्यासारखं नाही.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी आमच्या खोलीचा एसी गेला. गॅस लीक होता, तासाभराचं काम. लोकांचे एसी दुरुस्त करून येणारा मी, मला घरात हात लावायचा कंटाळा. भावोजी तीन वेळा म्हणाले, "विजू, एसी बघ रे, खाली तवा झालाय." मी म्हटलं, शुक्रवारी. त्यांच्या पलंगाखाली क्रेटमध्ये चाळीस बाटल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी खोलीत आम्ही दोघंच. चौघं शारजाला क्रिकेट खेळायला गेलेले, सलीमभाई भावाकडे रास अल खैमाला. मी वरच्या पलंगावर उघडाबंब पडलो होतो. खाली एक बाटली फुटली. आवाज फटाक्याचा. भावोजी उठून बसले, खालून तपकिरी पाणी वाहत आलं. मी वरूनच म्हटलं, "भावोजी, क्रेट बाहेर ओढा, नाहीतर बाकीच्या जातील." मी खाली उतरलो नाही. ते गुडघ्यावर बसले, डोकं पलंगाखाली घातलं आणि क्रेटला हात लावला. मग एक, आणि तिच्या धक्क्याने चार-पाच एकदम.

ते मागे पडले तेव्हा चेहरा दिसत नव्हता. रक्त, फेस, आणि कपाळात, गालात, नाकात काच. डाव्या डोळ्याच्या जागेकडे मी बघू शकलो नाही. आणि ते ओरडायला लागले. बोटीवरून किनाऱ्याला हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज तो, सगळी बिल्डिंग हलली असेल. शेजारच्या पठाणाने दार ठोठावलं, "क्या हुआ भाई?" मी आतून म्हटलं, "कुछ नहीं, कुकर उड़ गया." आणि मागे वळून भावोजींच्या तोंडात टॉवेल कोंबला.

ते तो बाहेर काढायला धडपडत होते. मी त्यांच्या छातीवर बसलो. आणि मी त्यांना मारलं. ज्या गालात काच नव्हती त्या गालावर, दोनदा, उघड्या हाताने. "आवाज काढलास तर जीव घेईन तुझा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं, आणि तेव्हा केलं. त्यांनी उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि हात खाली टाकले.

मग मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी मी उरलेल्या बाटल्या एकेक करून, टॉवेलात गुंडाळून, संडासात उघडल्या आणि ओतल्या. मग कॅन ओतला. मग काचा झाडल्या, काळ्या पिशव्यांत भरल्या, आणि तीन फेऱ्या करून मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. बिल्ल्यांची पिशवी वेगळ्या डब्यात. ती टोपी आणि हातोडी टूल बॅगमध्ये. हे सगळं झाल्यावर मी त्यांच्याकडे आलो. दीड तास गेला होता. टॉवेल त्यांनी स्वतः काढून हातात धरला होता. म्हणाले, "विजू, डॉक्टर." मी म्हटलं, "थांबा."

ते शुक्रवारी दुपारपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत थांबले. पोरं क्रिकेटहून आली तेव्हा मी दाराशी तांब्याचा पाइप घेऊन बसलो होतो. मी सांगितलं, सगळ्यांनी प्यायलीय, एकाला उचलला तर सगळ्यांना उचलतील, ज्याला घरी जायचंय त्याने तोंड उघडावं. एक जण दाराकडे सरकला. मी पाइप त्याच्या नडगीवर हाणला. तो खाली बसला आणि मग कोणी हललं नाही. पोरांनी भावोजींना पॅनाडोलच्या गोळ्या दिल्या, बर्फ दिला, माझ्याकडे न बघता. भावोजी दर थोड्या वेळाने तेच म्हणायचे, मोठ्याने नाही, हळू, मला त्रास होऊ नये अशा बेताने. विजू, डॉक्टर. शनिवारी सकाळी मी त्यांच्या फोरमनला ताप आल्याचं कळवलं आणि स्वतः कामावर गेलो. मरीनाला, कोणाच्या तरी दिवाणखान्यात, फिल्टर धुतले. ती बाई मला म्हणाली, खूप छान काम केलंत.

सलीमभाई शनिवारी संध्याकाळी आले. त्यांनी पलंगाला पडदा म्हणून लावलेली लुंगी सारून भावोजींचा चेहरा बघितला. मी काहीतरी बोलायला लागलो तसा त्यांनी माझा गळा धरला आणि मला कपाटावर आपटलं, पंचावन्न-साठीच्या माणसाने. "तुझी आई कुठल्या मुहूर्तावर व्याली तुला," एवढं म्हणाले आणि थुंकले. मग भावोजींना खांद्यावर घेऊन खाली गेले, टॅक्सी थांबवली. मी मागून धावत गेलो. मला त्यांनी टॅक्सीत घेतलं नाही. मी मेट्रोने गेलो.

हॉस्पिटलमध्ये सलीमभाईंनी सांगितलं की उन्हात ठेवलेली सोड्याची बाटली फुटली. डॉक्टर केरळचा होता. त्याने लिहून घेतलं, पुढचा प्रश्न विचारला नाही. उन्हाळ्यात अशा केसेस येतात म्हणाला. पोलीस नाही, काही नाही, खलास. ज्या भीतीने मी माणसाला दीड दिवस डांबून ठेवला ती भीती एका ओळीत संपली. डॉक्टरने फक्त एवढं विचारलं की हे कालचं आहे, काल का आणला नाही, काल आणला असता तर डोळा वाचवता आला असता. सलीमभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. जमिनीकडे बघत राहिले.

सळीची गोष्ट मी भावोजींच्या डिस्चार्जच्या दिवशी रचली. ते मान हलवून हो म्हणाले. तीन आठवड्यांनी त्यांना घरी पाठवलं, काळा चष्मा मी घेऊन दिला, चांगल्या ब्रँडचा. त्यांच्या दोन मुलांच्या शाळेचा खर्च मी उचलला. मला वाटलं, फिटलं.

पुढे माझं बरं झालं. सुपरवायझर झालो, लग्न झालं, फॅमिली व्हिसा मिळाला. आता ऊद मेथाला आमचा वन बेडरूम आहे, मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर. सानिका सात वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलायची वेळ आली की इंग्लिश. बायको तिला "मराठीत बोल" म्हणते आणि ती "ओके मम्मा" म्हणते. मी आता पीत नाही. हात मात्र अधूनमधून उठतो. साइटवर हेल्परवर उठलाय, दोनदा वॉर्निंग लेटर मिळालंय. घरात उठू नये म्हणून मी राग आला की जिना उतरून खाली जातो.

गावी जायचो दोन वर्षांतून एकदा. ताई वाढायची, बोलायची, पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मी म्हणायचो, दमली असेल. फोनवर दोन मिनिटं, "बरा आहेस ना", आणि भावोजींकडे फोन. भावोजी मात्र तसेच, हसरे. ते बोटीवर जाऊ शकत नाहीत. एका डोळ्याने अंतर कळत नाही, दोर पकडायला हात घातला की हात हवेत जातो. ताई मासळी विकते.

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघं गेलो होतो. पडवीत फणस फोडत बसलो होतो. भावोजींनी चष्मा काढून घाम पुसला आणि सानिकाने सगळ्यांसमोर विचारलं, "अंकल, व्हॉट हॅपन्ड टू युअर आय?" भावोजींनी तोंड उघडलं, सळीची गोष्ट सांगायला. ताईने त्यांना थांबवलं. सानिकाकडे बघून म्हणाली, "तुझ्या बाबाला विचार. त्याला चांगलं माहीत आहे."

मी उठून मागे गेलो. ती मागच्या दारी विळीवर बांगडे कापायला येऊन बसली. मी म्हटलं, ताई, तू असं का म्हणालीस. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "दोन वर्षं यांच्या गालातून काचा निघत होत्या, विजू. वर यायच्या हळूहळू. मी चिमट्याने काढल्या. एक कपाळातली, तीन गालातल्या, एक भुवईतली. सळी हिरवी असते का?"

ती बोलत राहिली, हात चालू ठेवून. तिला पहिल्याच काचेला कळलं होतं. तिच्या हिशेबाने गोष्ट अशी: दारू प्यायलात, भांडलात, आणि तू बाटली घातलीस यांच्या तोंडावर. बाबांचाच पोर तू. हे बोलत नाहीत, कारण तू माझा भाऊ. "मी खूप शिव्या दिल्या तुला मनात. पण गिळलं मी ते. रागात हात सुटतो माणसाचा. आपल्या घरात कोणाचा नाही सुटला? मी तुला कधीच माफ केलंय."

खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ती मला माफ करून बसली होती. मी फक्त मान खाली घालून "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यात दारात भावोजी येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चौकटीला धरून उभे राहिले, आणि मला कळलं की मी "हो" म्हटलं तर ते तेही चालवून घेतील.

मी सांगितलं. न धुतलेल्या बाटल्या, पावलांवरचं पाणी, एसी, क्रेट ओढा म्हणालो ते. टॉवेल सांगितला. छातीवर बसलो ते सांगितलं. आधी बाटल्या ओतल्या आणि मग त्यांच्याकडे गेलो ते सांगितलं. शुक्रवार दुपार ते शनिवार संध्याकाळ.

तिचे हात थांबले. विचारलं, "यांनी डॉक्टर मागितला होता?"

"हो."

"किती वेळा?"



ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं मारेल. मी गाल पुढे केला असेन, कोण जाणे. तिने हात लावला नाही. "बाटलीच घातली असतीस तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी भावोजींना विचारलं की एवढी वर्षं तुम्ही तिला का नाही सांगितलं. मला वाटलं होतं ते काहीतरी मोठ्या मनाचं बोलतील. ते म्हणाले, "पोरांची शाळा तुझ्यावर चालली होती ना, विजू. तोंड उघडून ती बंद पाडायची होती का मी?" आणि अर्धवट कापलेले बांगडे घेऊन बसले. विळीच्या पात्यापासून बोटं लांब ठेवून, चाचपडत, एकेक.

उरलेले पाच दिवस ताईने आम्हाला जेवू घातलं. सानिकाला जवळ घेऊन झोपली, बायकोला साडी दिली. माझ्याशी एक शब्द नाही. निघताना मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, स्वतःहून. म्हणाली, गणपतीला येणार असशील तर ये, दार बंद करणारी मी नाही. पण पोरीने माझ्या पडवीत प्रश्न विचारलाय आणि तिला उत्तर मिळालेलं नाही. पुन्हा विचारलं तर मी सळी सांगणार नाही आणि हेही सांगणार नाहीत. तिला तू सांगून ये. नाही सांगता आलं तर येऊ नकोस, पैसे पाठवत जा, आम्ही घेऊ.

ताईने "घेऊ" म्हटलं ते मला चपलेपेक्षा जोरात लागलं.

सानिका आता शेजारच्या खोलीत होमवर्क करतेय. हे सगळं मी मराठीत लिहिलंय आणि ती मराठी वाचत नाही, म्हणून हे लिहून भागणार नाही, ते मला कळतं. तिला तोंडाने सांगावं लागेल, तिच्या भाषेत, की तुझ्या अंकलने मदत मागितली आणि तुझ्या बाबाने दिली नाही. तिच्या खोलीच्या दारापर्यंत मी या आठवड्यात चार वेळा गेलो. ती म्हणाली, "यस, डॅडी?" आणि मी विचारलं, एसी जास्त थंड आहे का.

गणपतीची तिकिटं तिघांची काढून ठेवली आहेत. तिला सांगेपर्यंत तिकडे माझं गाव आहे, घर नाही.